भांडुपचा प्रभाग ११६: घराणे जिंकले, पक्ष नव्हे



उपनगरातला मतदार पक्षाचे चिन्ह पाहूनच शिक्का ठरवतो, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे भांडुपच्या प्रभाग ११६ ला मुळीच लागू पडत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेत शिवसेना ८४ आणि भाजप ८२ अशी चुरस असताना इथून काँग्रेसच्या प्रमिला पाटील निवडून आल्या. काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्याच सूनबाई जागृती पाटील उभ्या राहिल्या, पण भाजपकडून. समोर शिवसेनेच्या मीनाक्षी पाटील होत्या, स्थानिक आमदार अशोक पाटील यांच्या पत्नी. आमदार घरात, शाखांचे जाळे हाताशी, तरी सेना साडेचार हजारांहून अधिक मतांनी हरली. आठ महिन्यांत त्याच घरातला पंजा जाऊन कमळ आले आणि मतदारांनी घराण्याला साथ दिली!

या विजयाने भाजप सेनेच्या आणखी जवळ आला आणि निकालानंतर दोनच दिवसांत मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवकांनी सेनेचा रस्ता धरला. एका प्रभागाने अख्ख्या महापालिकेचे गणित हलवले, ते असे.

त्याहून गंभीर बाब गेल्या अंकातील त्या पत्रात आलीच नाही. ७ मार्च २०२२ रोजी महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि पुढचे मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला झाले. मधली जवळपास चार वर्षे गटाराची तक्रार घेऊन जायला भांडुपकरांना नगरसेवकच नव्हता.

– एक वाचक, भांडुप