शालेय वर्षाचे जमाखाते

जूनच्या मध्यास महाराष्ट्रातील शाळांची दारे पुन्हा उघडतात. विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे हा दिवस जूनच्या अखेरीस उजाडतो. प्रवेशद्वारी तोरण लागते, पहिलीच्या बालकांच्या हाती फूल दिले जाते. त्या दिवशी स्वागतास पात्र असे आणखीही काही जण तेथे असतात. मुलाचे बोट सोडताना डोळे पुसणारी माता, दुकान उघडण्यापूर्वी नातवाला पोहोचविणारे आजोबा, नव्या वर्गाची यादी हाती घेतलेले शिक्षक, आदल्या दिवशी बाके पुसून ठेवणारे शिपाई, कार्यालयातील लिपिक आणि बसमधील मावशी या सर्वांचे ते नवे वर्ष असते.

व्यापारी कुटुंबांत नव्या वर्षी वहीपूजन करून खाते मांडण्याची परंपरा आहे. शालेय वर्षाचेही खाते एकदा मांडून पाहावे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन ठरविले आहे. वर्षाचे एकूण तास ८,७६०. म्हणजे प्राथमिक शाळेच्या वाट्यास मुलाच्या वर्षाचा जेमतेम अकरावा हिस्सा येतो. रोज नऊ तास झोपेचे वजा केले, तरी सुमारे ४,६७५ तास घराच्या खात्यावर उरतात.

हा हिशेब डोळ्यांपुढे असला की शुल्क भरल्याची पावती मिळताच आपले काम संपले, असे कोणा पालकास वाटणार नाही. लग्नसराईत किंवा यात्रेसाठी मुलाचे दहा दिवस सहज बुडविले जातात. २०० दिवसांतील दहा दिवस म्हणजे शेकडा पाच तूट. मालाच्या साठ्यात एवढी तूट आली, तर कोणताही व्यापारी रात्री झोपणार नाही. शिवाय माल पुन्हा मागविता येतो. वर्ग मात्र पुढे निघून गेलेला असतो.

शिक्षकांच्या खात्यातही डोकावावे. त्याच अधिनियमाने पूर्वतयारीसह आठवड्याचे किमान ४५ तास त्यांच्याकडून अपेक्षिले आहेत. अशा शिक्षकास रात्री उशिरा दूरध्वनी करून, गिऱ्हाइकाने विक्रेत्याला विचारावा तसा जाब विचारणे शोभत नाही. पालकसभेस पित्याने वर्षातून दोनदा तरी गल्ला दुसऱ्याच्या हाती सोपवून जावे. शिक्षकांनीही पालकास केवळ तक्रारीसाठी न बोलाविता मुलाचा एखादा गुण सांगण्यासाठी बोलवावे.

घर आणि शाळा एकजीव झाल्या की काय घडते, याचे उदाहरण समाजाच्या घरातलेच आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ओगले व किर्लोस्कर यांच्या मालाच्या विक्रीचे काम केले होते. व्यापार त्यांना परका नव्हता. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. त्या मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. परक्यांच्या मुलांसाठी एका गृहिणीने एवढे जमा केले. स्वतःच्या मुलासाठी रोज अर्धा तास देणे कोणत्याही घरास जड जाऊ नये.

त्या अर्ध्या तासात वही पाहावी, शाळेत काय घडले ते ऐकावे आणि शिक्षकांविषयी मुलासमोर आदरानेच बोलावे. खर्च काही नाही, जमा मात्र वर्षभर वाढत राहते.

नव्या शैक्षणिक वर्षात पदार्पण करणाऱ्या विद्यार्थ्यांचे, त्यांच्या कुटुंबीयांचे, शिक्षकांचे आणि सर्व शिक्षकेतर सेवकांचे मनःपूर्वक स्वागत!