शिकाऊ डॉक्टरांचे देणे

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशभर टाळ्या व थाळ्या वाजल्या. आपल्या वसईतही वाजल्या. डॉक्टरांविषयी कृतज्ञता दाखविण्याची ती रीत आम्हांस वाईट वाटत नाही. मात्र तिला दमडीही खर्च लागला नाही, हेही खरे.

पुढच्याच महिन्यात मुंबईचे नायर रुग्णालय केवळ कोविडच्या रोग्यांसाठी राखण्यात आले. शस्त्रक्रिया शिकण्यास आलेले निवासी डॉक्टरही मग तापाचे रोगी सांभाळू लागले. तीन वर्षांच्या शिक्षणक्रमातील कित्येक महिने असे गेले. हातास जे वळण लागावयाचे ते लागले नाही. त्यातच २०२१ ची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा एप्रिलातून सप्टेंबरात गेली, आणि प्रवेशाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकल्याने नवे विद्यार्थी २०२२ साल उजाडल्यावरच आले. तोवर तीन तुकड्यांचे ओझे दोन तुकड्यांनी वाहिले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘मार्ड’ या त्यांच्या संघटनेने महामारीच्या काळातील शिक्षणशुल्क माफ व्हावे म्हणून संप केला. पालकहो, जे शिकविलेच गेले नाही त्याचे शुल्क कोणत्या न्यायाने घ्यावे? आपल्या मुलांच्या बाबतीत आपण हे चालू द्याल काय?

आमचे मत असे की, ठरलेली झोप, राहण्यास स्वच्छ खोली आणि बुडालेले शिक्षण भरून काढण्यास विद्यावेतनासह जादा महिने, हा अशा डॉक्टराचा हक्क होय. विरारचा रोगी लोकलने नायर वा केईएमच्या दारी जातो, तेव्हा रात्रपाळीस त्याच्यासमोर उभा असतो तो बहुधा हाच शिकाऊ तरुण.