प्रिंट सर्व्हर बसला तरी प्रिंट निघू द्या

सर्व्हर बसला की ऑफिसात आरोळी उठते, ‘प्रिंटर बंद पडला!’ प्रिंटर बहुधा धडधाकट असतो. नेटवर्कवरच्या प्रिंटरला स्वतःचा आयपी पत्ता असतो आणि तो कुठल्याही संगणकाकडून थेट काम घेऊ शकतो. सर्व्हर हा मधला आवक-जावक कारकून. तो रजेवर गेला म्हणून टपाल अडायला नको.

पतसंस्था, शाळा, छोट्या कारखान्यांची ऑफिसं सांभाळणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की थेट वाट आजच काढून ठेवा. प्रिंटरच्या पॅनेलवरून कॉन्फिगरेशन पेज छापा. पत्ता त्यावर असतो. नेटवर्क बघणाऱ्याकडून तो कायमचा करून घ्या, नाहीतर राउटर उद्या दुसराच देईल आणि सगळी खटपट वाया. मग ज्यांचं काम अडून चालत नाही अशा दोन-तीन टेबलांवर तोच प्रिंटर टीसीपी/आयपी पोर्टने पुन्हा जोडा. बऱ्याच प्रिंटरना ९१०० हा पोर्ट चालतो. नावापुढे ‘थेट’ लिहा, म्हणजे घोळ होणार नाही. रोजची छपाई मात्र सर्व्हरवरूनच चालू द्या.

‘वेळ आली की जोडू’ म्हणाल तर फसाल. ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ ही त्रुटी उघड झाल्यानंतर मायक्रोसॉफ्टने सर्व्हरवरून ड्रायव्हर घेतानाही ही अट घातली. आणि ३१ मार्चच्या संध्याकाळी एएमसीवाला फोन उचलेलच असं नाही.

सर्व्हर चालू दिसतोय पण प्रिंट येत नाही, तर आधी स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी सेवा, बघा. एखादी बिघडलेली फाईल रांगेच्या तोंडाशी अडकते आणि मागच्या सगळ्या खोळंबतात. ती सेवा थांबवून, रांग रिकामी करून पुन्हा सुरू केली की बरेचदा भागतं. मात्र रांगेतले प्रिंट सगळ्यांना पुन्हा द्यावे लागतील, हे आधी ओरडून सांगा.

थेट छपाईत सर्व्हरवरचा पानांचा हिशेब सुटतो. चार दिवस सुटू द्या, बिघडत नाही. कागद दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून पगारपत्रकं काढणाऱ्याने तेवढं प्रिंटरजवळ उभं राहावं.

एखाद्या शनिवारी, काम कमी असताना, सर्व्हर मुद्दाम बंद करा आणि क्लार्कला प्रिंट काढायला सांगा. आयटीवाल्याने कीबोर्डला हात लावायचा नाही.