विश्लेषण : वीज अंगावर न पडताही माणसे का दगावतात?

तुळजापूर–नागपूर आणि अकोला–नांदेड हे दोन राष्ट्रीय महामार्ग हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्यावर एकत्र येतात. कळमनुरी तालुक्यातील या फाट्याभोवती हळद, सोयाबीन, कापूस आणि उसाची शेती आहे. इथल्या शेतीचे घाईचे दिवस आणि विजांचे दिवस एकाच वेळी येतात. उन्हाळ्यात शिजवलेली हळद उघड्यावर वाळत असते, जूनमध्ये पेरणी असते आणि परतीच्या पावसात सोयाबीनची काढणी. दुपारनंतर आभाळ भरून आले, की माणसे घराकडे जाण्याऐवजी ताडपत्री घेऊन शेताकडे धावतात. वीज कशी तयार होते, खाली येताना ती काय करते आणि तिच्यापासून किती वेळ आधी दूर जाता येते, या प्रश्नांना इथे म्हणूनच महत्त्व आहे.

ढगात वीज कशी तयार होते?

तापलेल्या जमिनीलगतची दमट हवा वेगाने वर चढते, तेव्हा दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहून उंच ढगांचे मनोरे उभे राहतात. ढगाच्या मधल्या भागात तापमान उणे १० ते उणे २० अंश सेल्सिअस असते. तिथे बर्फाचे हलके स्फटिक, मऊ गारांचे जड कण आणि शून्याखालीही न गोठलेले पाण्याचे थेंब एकत्र असतात. वर जाणारे स्फटिक आणि खाली येऊ पाहणाऱ्या मऊ गारा यांची सतत टक्कर होते. या टकरींत गारांच्या कणांवर साधारणपणे ऋण विद्युतभार जमतो, तर स्फटिकांवर धन. हलके स्फटिक वाऱ्याबरोबर ढगाच्या माथ्याकडे जातात आणि जड कण मधल्या व खालच्या भागात राहतात. अशा रीतीने ढगाचे दोन भाग पडतात : वर धन, खाली ऋण. ढगाखालच्या जमिनीवर त्याला प्रतिसाद म्हणून धन भार ओढला जातो.

मराठवाड्यात हे ढग नेमके कधी वाढतात?

एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मोसमी पाऊस स्थिरावल्यानंतर आभाळ सतत झाकलेले असते, जमीन फारशी तापत नाही आणि पाऊस पडतो तो तुलनेने शांतपणे. पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना मात्र चित्र वेगळे असते. काळी जमीन दुपारपर्यंत तापते, समुद्राकडून आलेले बाष्प खालच्या थरात असते आणि वरची हवा थंड व कोरडी असते. हा फरक जितका मोठा, तितकी हवा जोरात वर जाते. म्हणून बहुतेक गडगडाटी ढग दुपारी तीननंतर उभे राहतात, म्हणजे शेतातले काम अजून संपलेले नसते तेव्हा.

पहिली ठिणगी कशी पडते, हे कळले आहे का?

पूर्णपणे नाही. कोरड्या हवेतून ठिणगी पडायला दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट इतके विद्युतक्षेत्र लागते. फुगे आणि विमानांतून ढगांच्या आत मोजलेले क्षेत्र त्याच्या जेमतेम दहाव्या भागाइतके भरते. तरीही वीज चमकतेच. बर्फकणांच्या टोकांवर क्षेत्र एकवटत असावे, असे एक स्पष्टीकरण आहे. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे सुटलेले इलेक्ट्रॉन ढगात वेग घेतात आणि हवेत वाट तयार करतात, असे दुसरे. या कोड्याचा एक भाग भारतात उलगडला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटी येथील ‘ग्रेप्स-३’ प्रयोगात म्युऑन या कणांच्या संख्येतील घट पाहून १ डिसेंबर २०१४ च्या एका गडगडाटी ढगातील विद्युतदाब काढण्यात आला. तो सुमारे १३० कोटी व्होल्ट होता. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

वीज वरून खाली येते की खालून वर जाते?

दोन्ही. ढगातून निघालेली वाट सरळ येत नाही. ती साधारण ५०-५० मीटरच्या टप्प्यांनी, क्षणभर थांबत, फाटे फोडत उतरते. तिला ‘स्टेप्ड लीडर’ म्हणतात आणि ती डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. ती जमिनीपासून शंभरेक मीटरवर आली, की खालच्या उंच वस्तूंतून, म्हणजे झाड, खांब, मंदिराचा कळस किंवा मोकळ्या रानात उभा माणूस यांतून, धन भाराच्या शाखा वर झेपावतात. त्यातली एक शाखा खाली येणाऱ्या वाटेला भेटते आणि मंडल पूर्ण होते. मग प्रकाशाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने प्रवाहाचा लोळ त्याच वाटेने वर जातो. आपल्याला दिसते ती ही वीज.

या प्रवाहाची सरासरी ३० हजार अँपिअर असते. घरातला साधा प्लग पाच अँपिअरचा असतो. बोटभर जाडीच्या वाटेतील हवा क्षणार्धात सुमारे ३० हजार अंशांपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती स्फोटासारखी फुगते, तोच गडगडाट. एका विजेत असे तीन-चार लोळ एकापाठोपाठ जातात, म्हणून ती लुकलुकल्यासारखी दिसते.

यातून एक गोष्ट लक्षात येते. वीज कुठे पडणार, याचा निर्णय ढगात होत नाही. तो शेवटच्या शंभरेक मीटरमध्ये होतो आणि त्यात जमिनीवरच्या वस्तूंचा वाटा असतो.

मग माणसे नेमकी कशाने दगावतात?

विजेने होणाऱ्या मृत्यू आणि दुखापतींचा अभ्यास करणाऱ्या वैद्यकीय तज्ज्ञांच्या मते, वीज थेट अंगावर पडण्याचे प्रमाण केवळ तीन ते पाच टक्के आहे. निम्म्याहून अधिक बळी जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाचे असतात. वीज पडलेल्या जागेपासून प्रवाह चहूकडे पसरतो आणि जमिनीवर अंतराप्रमाणे विद्युतदाब बदलत जातो. दोन पायांमध्ये अंतर असेल, तर एका पायातून शिरलेला प्रवाह दुसऱ्या पायातून बाहेर पडतो. बैल, गाई, म्हशींच्या पुढच्या व मागच्या पायांतले अंतर जास्त असते आणि त्या वाटेत हृदय येते. म्हणून एकाच विजेत झाडाखालची अख्खी दावण मरते आणि कोणत्याही जनावराच्या अंगावर भाजल्याची खूणही नसते.

साधारण एक तृतीयांश बळी झाडावरून किंवा खांबावरून बाजूला उडी घेणाऱ्या विजेचे असतात. झाडाच्या खोडापेक्षा माणसाच्या शरीरातून प्रवाह सहज वाहतो. त्यामुळे खोडातून उतरणारी वीज वाटेत शेजारचा माणूस गाठते. उरलेल्यांपैकी काही जण तारेचे कुंपण, नळ किंवा पंपाच्या पाइपला हात लागल्याने दगावतात. काही जणांच्या शरीरातून वर झेपावलेली शाखा विजेला भेटतही नाही, पण तेवढीही जीवघेणी ठरते.

झाड, आखाडा, एसटी : आसरा कुठे?

पावसापासून वाचवणारी प्रत्येक जागा विजेपासून वाचवत नाही. बांधावरचे एकटे झाड सर्वांत धोक्याचे. शेतातला चारही बाजूंनी उघडा आखाडा, महामार्गावरचा प्रवासी निवारा आणि टपरीपुढचे पत्र्याचे छप्पर पाऊस अडवतात. वीज मात्र त्यांच्या खांबावरून बाजूला उडू शकते. वायरिंग आणि नळजोडणी असलेले पक्के बंद घर सुरक्षित असते, कारण प्रवाह त्यातून जमिनीत जातो. अशा घरातही त्या वेळी नळ, भिंत आणि वायरचा फोन यांपासून लांब राहावे.

काचा बंद केलेली जीप, मोटार किंवा एसटी बसही चांगला आसरा आहे. तो टायरमुळे नव्हे. किलोमीटरभर हवा ओलांडून आलेल्या विजेला वीतभर रबर अडवू शकत नाही. प्रवाह गाडीच्या धातूच्या कवचावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जातो आणि आतला माणूस वाचतो. दुचाकी आणि छत नसलेला ट्रॅक्टर मात्र यात मोडत नाहीत. महामार्गावर पावसाने गाठलेला दुचाकीस्वार कडेच्या झाडाखाली थांबतो, तेव्हा तो कमी धोक्यातून अधिक धोक्यात गेलेला असतो.

‘पायाळू’ माणसाकडे वीज ओढली जाते का?

नाही. जन्मताना पाय आधी आलेल्या माणसावर वीज पडते, हा समज गावोगावी आहे. शरीराच्या जन्माच्या पद्धतीने त्याच्या विद्युत गुणधर्मांत काही फरक पडत नाही. मोबाइल, अंगावरचे दागिने किंवा हातातले खुरपेही वीज ‘ओढत’ नाहीत. फरक पडतो तो उंची, एकटेपणा आणि टोकदारपणाने. सपाट रानात उभा कोणताही माणूस त्या परिसरातले सर्वांत उंच टोक असतो. एकदा पडलेल्या जागी वीज पुन्हा पडत नाही, हेही खरे नाही. उंच मनोऱ्यांवर ती वर्षातून अनेकदा पडते.

इशारा किती आधी मिळतो?

हवामान विभागाचा ‘यलो अलर्ट’ आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला जिल्ह्यापुरता आणि दिवसापुरता असतो. कोणत्या शिवारात, किती वाजता, हे त्यातून कळत नाही. ती उणीव पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप काही अंशी भरून काढते. देशभर बसवलेले ८० हून अधिक संवेदक विजेतून निघणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात आणि त्यांच्या पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून वीज कुठे पडली ते ठरवतात. आपल्यापासून २० ते ४० किलोमीटरच्या परिघात विजा होत असतील, तर अ‍ॅप सूचना देते.

अ‍ॅप नसेल तर गडगडाट हाच इशारा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांत गडगडाट ऐकू आला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. ढगाच्या वरच्या भागातून निघणारी धन भाराची वीज पाऊस सुरू होण्यापूर्वीच इतके अंतर कापून पुढे पडू शकते. म्हणून गडगडाट कानावर येणे म्हणजेच टप्प्यात येणे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे, असे जगभर सांगितले जाते.

हा हिशेब शेतात लावला, तर अडचण दिसते. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारे वादळ १० किलोमीटरचे अंतर २० मिनिटांत कापते. शेतापासून दोन किलोमीटरवरचे पक्के घर पायी गाठायला २५ मिनिटे लागतात. पहिला गडगडाट ऐकून निघालेल्या मजुरालाही पाच मिनिटे कमी पडतात. ‘दामिनी’ची किंमत या पाच मिनिटांत आहे. पण फोन बहुधा मुकादमाकडे किंवा शेतमालकाकडे असतो आणि खुरपणी सोडून निघायचे की नाही, हे मजूर बाईच्या हातात नसते. अर्धा दिवस बुडाला, तर मजुरीही बुडते.

वीज अटकाव यंत्र हा उपाय आहे का?

गावासाठी आहे, शिवारासाठी नाही. उंच टोकदार सळई, जाड तार आणि जमिनीत खोल गाडलेली पट्टी यांमुळे विजेला ठरावीक वाट मिळते. पण तिचे संरक्षण ढोबळमानाने तिच्या उंचीइतक्याच परिघात असते. शाळेवर बसवलेले यंत्र शाळा वाचवते, दोन किलोमीटरवरचे सोयाबीनचे रान नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात विजेने दरवर्षी शेकडो माणसे मरत, आता हा आकडा तिसाच्या आत आहे. त्यात इशाऱ्यांचा वाटा आहेच, पण उघड्या शेतात राबणारी माणसे कमी झाली आणि पक्की घरे व बंद वाहने वाढली, हे मोठे कारण. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये विजेने २,८८७ जणांचा बळी घेतला. नैसर्गिक आपत्तींमुळे झालेल्या एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण ३५.८ टक्के होते.

वीज लागलेल्या माणसाला हात लावावा का?

लगेच. शरीरात विद्युतभार साठून राहत नाही, त्यामुळे मदत करणाऱ्याला त्यापासून धोका नसतो. वीज हृदयाचा ठोका आणि श्वास थांबवते. अनेकदा हृदय पुन्हा चालू होते, पण श्वास मागे राहतो. छातीवर जोरात, सलग दाब देणे आणि तोंडाने श्वास देणे यामुळे जीव वाचू शकतो. अनेक जण एकत्र पडले असतील, तर निपचित पडलेल्याकडे आधी जावे. जो कण्हतो आहे, तो बहुतेक वाचणार असतो. १०८ क्रमांकावर फोन करताना हे थांबवू नये.

पुढे काय?

केंद्राच्या राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत वीज नाही. महाराष्ट्राने ती राज्य आपत्ती म्हणून जाहीर केली असून मृताच्या वारसांना चार लाख रुपयांची मदत मिळते. ही तरतूद मृत्यूनंतरची आहे. त्याआधीचा खर्च तुलनेने किरकोळ आहे : ‘दामिनी’ची सूचना येताच ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून ती शिवारात पोहोचवणे, मजूर नेणारी बंद जीप दुपारनंतर शेताजवळ उभी ठेवणे, विजांमुळे थांबलेल्या कामाची मजुरी न कापणे आणि हळद-सोयाबीन आभाळ येण्याआधी झाकण्याची सोय करणे. वीज थांबवता येत नाही. तिला चुकवायला लागणारी वीस-पंचवीस मिनिटे मात्र मिळवता येतात.