घर आणि यंत्र : वेगवान मोटारीचें तेल

स्वयंपाकघरांत तेलाची निवड करतांना आपल्या घरच्या स्त्रिया किती विचार करतात, हें वाचकांस सांगावयास नको. लोणच्याला एक, तळणाला दुसरें, देवापुढच्या समईला तिसरें. जें महाग तें सर्वत्र चांगलें, असें त्या कधीं मानीत नाहींत. परंतु दारीं उभ्या असलेल्या मोटारीच्या तेलाची गोष्ट निघाली, कीं हाच विवेक आम्ही पुरुषमंडळी उंबऱ्याबाहेर ठेवतों. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या घरीं याच प्रश्नावरून जो वाद झाला, तो सांगून या महिन्याच्या विषयास आरंभ करतों.

आमचे वडील बंधु आप्पा यांचा मुलगा चि. मकरंद यानें दोन वर्षांपूर्वीं एक वेगवान मोटार घेतली. दोन लिटरचें इंजिन, त्यास टर्बो, आणि शक्ति दोनशें अश्वशक्तीहून अधिक. तेल बदलण्याची मुदत जवळ आली, तेव्हां त्यानें १०-डब्ल्यू-६० या अंकाचें तेल घेण्याचा बेत केला. डब्यावर शर्यतीच्या मोटारीचें चित्र होतें, किंमत पुष्कळ अधिक होती, आणि मित्रमंडळींत त्याचा बोलबाला होता. आप्पांना हा खर्च रुचला नाहीं. "माझ्या पद्मिनींत मीं पंचवीस वर्षें २०-डब्ल्यू-४० घातलें. इंजिन एकदांहि उघडावें लागलें नाहीं," असें त्यांचें म्हणणें. "आप्पा, तुमच्या गाडीचें इंजिन साधें होतें, याला तें पुरणार नाहीं," असें मकरंदाचें उत्तर. चार दिवस जेवणाच्या पानावर दुसरा विषय नव्हता. गंमत अशी कीं, इतका वाद असूनहि दोघांची समजूत एकच होती : तेल जितकें दाट, तितकें इंजिनाचें रक्षण अधिक. ही समजूत पुष्कळ घरांत आहे आणि ती अर्धीच खरी आहे. म्हणून तेल इंजिनांत करतें तरी काय, तें प्रथम पाहूं.

इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, बेअरिंगांत फिरत असतां धातु धातूस टेकत नाहीं. दोहोंमध्यें तेलाचा थर असतो. दांड्याच्या फिरण्यानेंच तेल त्या चिंचोळ्या जागेंत ओढलें जातें आणि त्या दाबावर दांडा जणूं तरंगतो. भार अधिक असतां हा थर कांहीं मायक्रॉनच, म्हणजे डोक्याच्या केंसाहूनहि कितीतरी पातळ राहतो. तेल फार पातळ झालें तर थर तुटतो, धातु धातूस घांसते आणि बेअरिंग जातें. येथपर्यंत आप्पा व मकरंद दोघांचेंहि म्हणणें बरोबर आहे.

परंतु तेलाला वाहण्याचेंहि काम आहे. बेअरिंगमधील उष्णता तेंच वाहून नेतें. पिस्टनच्या खालच्या अंगावर तेलाची पिचकारी मारून तो थंड राखला जातो. टर्बोचा बारीक दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, तो तेलावरच. पुष्कळ नव्या इंजिनांत झडपा उघडण्याची वेळ पुढेंमागें करणारी यंत्रणाहि तेलाच्याच दाबावर चालते. फाजील दाट तेल या बारीक वाटांतून सावकाश जातें, स्वतःच्याच घर्षणानें तापतें आणि शक्ति खातें. सकाळीं इंजिन सुरू केल्यावर तें वरच्या भागांत उशिरां पोंचतें. आणि इंजिनाची बरीचशी झीज याच वेळीं होते.

आतां डब्यावरील अंकांचा अर्थ. एस. ए. ई. या अमेरिकन संस्थेनें १९११ सालीं तेलांची वर्गवारी प्रथम केली. आजची पद्धति तिचीच सुधारलेली आवृत्ति होय. 'डब्ल्यू' हें अक्षर विंटर, म्हणजे हिवाळा, या शब्दाचें. त्याच्या आधींचा अंक तेलाचें थंडींतील वर्तन सांगतो : ० या अंकाची परीक्षा शून्याखालीं ३५ अंशांस होते, ५ ची ३० अंशांस, आणि १० ची २५ अंशांस. नंतरचा अंक तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो. शंभर अंश सेल्सिअसला ३० अंकाचें तेल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असतें, ४० अंकाचें १२.५ ते १६.३, आणि ६० अंकाचें २१.९ ते २६.१, म्हणजे ३० च्या जवळजवळ दुप्पट दाट. हे अंक दाटपणाचे आहेत, गुणवत्तेचे नव्हेत. साठ गुण मिळविणारा मुलगा तीस गुणांच्या मुलाहून हुशार, हा हिशेब येथें लागू नाहीं.

वेगवान इंजिनाला अनुभवसिद्ध म्हणून दाटच तेल हवें, असेंहि नाहीं. बी. एम. डब्ल्यू. कंपनीची एम-३ ही मोटार घ्या. २००० ते २००६ या काळांतील पिढीचें सहा सिलिंडरांचें इंजिन मिनिटास ८००० फेऱ्यांपर्यंत जाई, आणि त्यास कंपनीनें १०-डब्ल्यू-६० हेंच तेल सांगितलें होतें. २०१४ सालीं त्याच नांवाच्या मोटारींत दोन टर्बो असलेलें नवें इंजिन आलें. तें पहिल्याहून पुष्कळ शक्तिमान. तरी त्यास सांगितलेलें तेल पुष्कळ पातळ होतें. कंपनी तीच, मोटारीचें नांवहि तेंच. बदललें तें इंजिन, आणि तेल ठरतें तें इंजिनावरून.

शर्यतीच्या तेलाचाहि एक जुना धडा आहे. ज्या एरंडेलाच्या नांवानें बालपणीं आपल्या अंगावर कांटा येई, तेंच एके काळीं शर्यतीच्या मोटारींत आणि पहिल्या महायुद्धांतील विमानांच्या फिरत्या इंजिनांत घालीत. १९०९ सालीं इंग्लंडांतील वेकफील्ड कंपनीनें आपल्या तेलास कॅस्ट्रॉल हें नांव दिलें, तें एरंडेलाच्या कॅस्टर या इंग्रजी नांवावरूनच. एरंडेलाचा थर मोठा चिवट. परंतु उष्णतेनें तें राळेसारखें चिकटून बसे, म्हणून इंजिन वरचेवर उघडून साफ करावें लागे. शर्यतीवाल्यांस तें परवडे. आजच्या खास शर्यतीच्या तेलांचीहि प्रकृति कांहींशी अशीच आहे. त्यांत झीज रोखणारे जस्त व फॉस्फरस यांचे क्षार बहुधा अधिक असतात, आणि काजळी धुऊन काढणारीं द्रव्यें कमी. शर्यत संपली कीं तें काढून टाकावयाचें असतें. तेंच तेल वर्षभर कचेरीच्या रस्त्यावर वापरलें तर इंजिनांत मळ सांचतो, आणि फॉस्फरसानें धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बाद होण्याची भीति असते. नाकापेक्षां मोती जड, तो असा.

आमच्या घरचा वाद मिटला तो मात्र अशा विवेचनानें नव्हे. आम्ही सारे महाबळेश्वरास निघालों असतां पसरणीच्या घाटांत मोटारीसमोरील फळीवर पिंवळा दिवा लागला. मकरंद गोंधळला. त्याची पत्नी चि. सौ. मुग्धा हिनें समोरच्या खणांतून मोटारीची पुस्तिका काढली आणि वाचून सांगितलें : पिंवळा दिवा म्हणजे तेलाची पातळी कमी, तांबडा लागला तर दाब गेला, तत्क्षणीं इंजिन बंद करावें. पांचगणीजवळ सपाट जागीं मोटार उभी करून, थोडा वेळ थांबून डिपस्टिक काढली. तेल खालच्या खुणेच्याहि खालीं गेलें होतें. कोणतें तेल घालावें यावर चार दिवस भांडण चाललें होतें, आणि आंत तेल किती आहे हें दोन वर्षांत एकानेंहि पाहिलें नव्हतें! टर्बोचें इंजिन थोडें तेल खातेंच. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खर्च कांहीं कंपन्या आपल्या पुस्तिकांत नियमित मानतात. तसेच पुढें चढत गेलों असतों, तर तेल, बेअरिंग आणि टर्बो यांची काय गत झाली असती? तेल गेलें, तूप गेलें, हातीं धुपाटणें आलें, ही म्हण खरी झाली असती.

त्याच पुस्तिकेंत तेलाचें पान होतें. तेथें दाटपणाचा अंक होताच, पण त्याहून महत्त्वाचा असा कंपनीच्या मान्यतेचा क्रमांक होता. जवळच्या दुकानांत २०-डब्ल्यू-४० मिळत होतें. मला वाटलें, आप्पा आतां आपला मुद्दा पुढें करणार. परंतु ते म्हणाले, "मकरंद, पुस्तकांत आहे तेंच आण." तो एस. टी. नें साताऱ्यास जाऊन त्या क्रमांकाचा डबा घेऊन आला. आमचा अर्धा दिवस मोडला, पण इंजिन वांचलें.

हा मान्यतेचा क्रमांक काय असतो, हें प्रत्येक मोटारवाल्या घरानें जाणून घ्यावें. फोक्सवॅगनचे ५०४ ०० आणि ५०८ ००, पोर्शचा ए-४०, हे असे क्रमांक होत. कंपनी आपल्या इंजिनांत तेलाची दीर्घ परीक्षा घेऊन तो देते. पुढचा क्रमांक मागच्याहून चांगलाच, असेंहि समजूं नये : ५०८ ०० चें तेल ०-डब्ल्यू-२० अंकाचें, फार पातळ असतें, आणि तें त्यासाठीं घडविलेल्या इंजिनांतच घालावयाचें असतें. डब्यावर 'मान्यताप्राप्त' असें लिहिलें आहे, कीं नुसतें 'अमुक क्रमांकास योग्य' असें, हें नीट वाचावें; पहिलें मोटारीच्या कंपनीचें प्रमाणपत्र, दुसरें तेल विकणाराचा शब्द. पुस्तिकेंत ए. पी. आय. ची प्रत सांगितली असेल तर तीहि पाहावी. लहान टर्बो इंजिनांत कमी गतीस अधिक भार पडला असतां ठिणगीच्या आधींच मिश्रण पेटून पिस्टन फुटण्याचा धोका असतो, आणि तेलांतील कांहीं कॅल्शियमयुक्त द्रव्यांनीं तो वाढतो. २०२० सालीं आलेल्या एस. पी. या प्रतीच्या तेलास याविषयींची परीक्षा द्यावी लागते.

ज्यांच्या मुलांना कोइमतूरच्या करी स्पीडवेसारख्या शर्यतीच्या मार्गावर मोटार नेण्याची हौस आहे, त्यांनीं पुस्तिका एकाहून अधिक अंकांस परवानगी देत असेल तर त्यांतील दाट अंक निवडावा, मान्यतेचा क्रमांक तोच ठेवावा, आणि परत आल्यावर तेल मुदतीपूर्वींच बदलावें. इतरांनीं इतकें केलें तरी पुष्कळ : मोटार थोडी चालली तरी पुस्तिकेंतील काळाची मुदत पाळावी, पाण्याचा कांटा वर आला तरी तेल त्यानंतर तापतें, म्हणून पहिलीं दहा मिनिटें गति आवरावी, दूरच्या वेगवान प्रवासानंतर शेवटचा मैल सावकाश यावें, म्हणजे टर्बोंतील तेल जळून कोळसा होत नाहीं. बनावट तेलाचे डबे बाजारांत येतात, यास्तव ओळखीच्या दुकानांतून, मोहोर पाहून घ्यावें आणि पावती जपावी. हमीच्या वेळीं तीच उपयोगीं पडते.

आमच्याकडे आतां दर रविवारीं सकाळीं चहा होण्यापूर्वीं, इंजिन थंड असतां, आप्पा स्वतः डिपस्टिक काढून पाहतात आणि पातळी दिनदर्शिकेवर लिहून ठेवतात. शर्यतीच्या चित्राचा तो डबा मकरंदानें विकत घेतलाच नाहीं. वांचलेल्या पैशांतून त्यानें पुस्तिकेंतील क्रमांकाचें एक लिटर तेल अधिक आणून मोटारीच्या मागच्या खणांत ठेविलें आहे.