बेडूक सुटला, उंदराचं काय?

भिवंडी यंत्रमागांचं शहर असलं, तरी आता इथल्या गोदामांतून औषधांचे खोकेही राज्यभर जातात. त्यातली बहुतेक औषधं माणसाआधी प्राण्यांवर तपासलेली असतात. मात्र औषधशास्त्र शिकणाऱ्या बी. फार्म.च्या विद्यार्थ्याला आज जिवंत प्राण्याला हात लावावा लागत नाही. फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमात हे प्रयोग सॉफ्टवेअर आणि चित्रफितींवरच दाखवायचे आहेत.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या पदवीधरांना विचारा. बेडकाच्या मेंदूत सुई घालून त्याला निकामी करायचं आणि पोटाचा स्नायू काढायचा. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा कोमट क्षारद्रावणात टांगायचा. अ‍ॅसिटिलकोलीन टाकलं की तो आकसतो आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर रेघ उठते. उत्तर आधीच ठाऊक असायचं, तरी दरवर्षी, दर तुकडीला नवे प्राणी लागायचे.

पुस्तकं, मॉडेल, चित्रफिती यांनी काम भागत असेल, तर महाविद्यालयांनी असे प्रयोग टाळावेत, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच लिहिलं आहे. ते वर्गापर्यंत पोहोचायला अर्धशतक लागलं!

विद्यार्थ्यांचं मत मात्र सरळ दोन बाजूंत विभागता येत नाही. प्राणी मारावा लागत नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडणारा विद्यार्थीच 'हात बसला नाही' अशी तक्रारही करतो. ती तक्रार खोटी नाही. पडद्यावर आलेख नेहमी नीट येतो. खरी ऊती कधी प्रतिसाद देते, कधी देत नाही आणि दोन उंदीर एकाच मात्रेला सारखे वागत नाहीत. औषधाची मात्रा ठरवताना हाच फरक महत्त्वाचा असतो आणि तो पडद्यावर कळत नाही.

तरीही पदवीला प्राणी परत आणण्याचं कारण मला दिसत नाही. यातले बहुतेक पुढे दुकानात, विक्रीत किंवा कारखान्यात जातात. त्यांना औषधाचा परिणाम कळायला हवा, उंदराला इंजेक्शन देता यायला हवं असं नाही.

खरी अडचण एम. फार्म.ला येते. फार्माकॉलॉजी घेणाऱ्यांच्या संशोधनात प्राणी अजून आहेत. त्यासाठी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते, पण मंजुरीने हाताला सवय होत नाही. पहिला उंदीर पहिल्यांदाच धरणारा विद्यार्थी घाबरतो. उंदीर त्याच्याहून जास्त घाबरतो, चावतो आणि सुई पुन्हा टोचावी लागते. म्हणजे पदवीला वाचवलेल्या यातनांचा काही भाग पुढच्या उंदरांच्या वाट्याला येतो. सरावासाठी रबरी उंदीर मिळतात. त्यावर हात बसल्याशिवाय पिंजरा उघडू देऊ नये, एवढी अट नीतिसमितीला सहज घालता येईल.

ऊतीचा अनुभव द्यायचा, तर मटणासाठी कापलेल्या बोकडाची श्वासनलिका चालते. हिस्टामिनने ती आकसते आणि प्रयोगासाठी वेगळा जीव जात नाही. अर्थात, घरी मांस न शिवणाऱ्या विद्यार्थिनीला हा पर्याय पटेलच असं नाही. तिला पडद्यावरचा आलेख निवडू द्यावा आणि त्यासाठी तिचे गुण कापू नयेत.