आधी सुई, मग रोग

आमच्या टेंभुर्णीत करडाला हगवण लागली की दुपारच्या आत त्याला सुई टोचलेली असते. कशाची? टोचणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. 'भारीतलं औषध आहे' एवढ्यावर मालक खूश, पैसे सुटले म्हणून टोचणारा खूश, आणि आतड्यातले जंतू या दोघांहून खूश.

परवा गल्लीतलं एक उस्मानाबादी करडू पाहिलं. शेपटी बरबटलेली, हगवणीत आव आणि रक्त, डोळे खोल गेलेले. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. अंगातलं पाणी आटलं होतं. मालक तोऱ्यात म्हणाला, "तीन सुया दिल्या!" पाणी किती पाजलं, असं विचारलं, तर मी करडाची कुंडली मागितल्यासारखा बघत राहिला.

करडांची रक्ती हगवण पुष्कळदा कॉक्सिडियाची असते. तो जिवाणू नव्हेच. एन्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकाला तो भीक घालत नाही. पीपीआर, म्हणजे शेळ्यांचा प्लेग, विषाणूचा. पोटात जंत असतील तर औषध तिसरंच. आंत्रविषारात तर सुई येईपर्यंत जनावर आडवं झालेलं असतं. तिथं पावसाळ्याआधीची लस हाच इलाज. कारणं चार, उपाय चार, आणि आमच्याकडे सुई एक.

हगवण खरोखर जिवाणूंची असली, तरी औषध अर्धवटच. जनावर उभं राहिलं की डोस बंद, उरलेली बाटली कोनाड्यात, पुढच्या करडासाठी. अपुऱ्या मात्रेनं जंतू मरत नाहीत, औषध पचवायला शिकतात. अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९४५ साली नोबेल घेतानाच हा इशारा दिला होता. आणि आम्ही पारावर बसून म्हणतो, हल्ली रोगच चिवट झालेत. झाले नाहीत, आपण केलेत.

परदेशात हौसेखातर पाळलेल्या, मुंगसाच्या चणीच्या फेरेटच्या पोटात हेलिकोबॅक्टर नावाच्या जिवाणूनं ठाण मांडलं, तर दोन-तीन आठवडे मोजूनमापून औषधं चालतात. आमची शेळी पोरांच्या शाळेची फी भरते, आणि तिच्या वाट्याला अंदाजपंचे सुई!

सरकारचंही काही कौतुक नको. माणसाच्या शेवटच्या लढाईसाठी राखलेलं कोलिस्टिन हे प्रतिजैविक २०१९पर्यंत कोंबड्यांच्या खाद्यात खुशाल चालत होतं. तेव्हा कुठं बंदी आली. प्रतिजैविक चिठ्ठीशिवाय विकू नये, हा नियम आहे. ती चिठ्ठी मागणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे. डॉक्टरच्या गळ्यात गावंच्या गावं बांधायची आणि उरलेला कारभार पिशवीत सुया घेऊन फिरणाऱ्यांवर सोडायचा, याला पशुसंवर्धन म्हणत असतील तर म्हणोत बापडे. औषधाला न जुमानणारे हे जंतू शेणातून, हातांवरून, कच्च्या दुधातून घरात येतात. त्यांना गोठ्याचा उंबरठा अडवत नाही.

करायचं काय? हगवण लागली की पहिल्यांदा मीठ-साखरेचं पाणी, थोडं-थोडं, वारंवार. आजारी करडू वेगळं बांधा, खालची जागा कोरडी ठेवा. ताजी विष्ठा डबीत घेऊन दवाखाना गाठा आणि तपासायला लावा. जाणं जमत नसेल तर जनावरांच्या डॉक्टरसाठीचा १९६२ नंबर फिरवा. डॉक्टरनं औषध दिलं तर सांगितलेले सगळे दिवस द्या. यात सुईपेक्षा खर्च कमी आहे, फक्त डोकं लागतं. ते वापरायचं नसेल, तर निदान रोगाला चिवट म्हणून शिव्या तरी देऊ नका.